राजभाषा आणि प्रार्थनेची भाषा : फिलिपिन्समधील स्पॅनिशची कहाणी

२ फेब्रुवारी १९८७ रोजी फिलिपिन्सच्या जनतेने सार्वमत देऊन आपली नवी राज्यघटना स्वीकारली. मार्कोस यांची हुकूमशाही संपुष्टात येऊन अजून वर्षही पुरे झाले नव्हते. जपमाळ हाती घेऊन रणगाड्यांसमोर उभे राहिलेले स्त्री-पुरुष, धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांची छायाचित्रे जगाच्या स्मरणात ताजी होती. या घटनेच्या चौदाव्या प्रकरणात भाषेसंबंधी काही कलमे आहेत. देशाच्या अधिकृत भाषा दोन : फिलिपिनो आणि, कायद्याने अन्यथा ठरवीपर्यंत, इंग्रजी. प्रादेशिक भाषा आपापल्या प्रदेशात साहाय्यक अधिकृत भाषा. त्यानंतर एक छोटेसे वाक्य येते. स्पॅनिश व अरबी या भाषांना स्वेच्छेच्या व ऐच्छिकतेच्या तत्त्वावर उत्तेजन द्यावे, असे ते वाक्य सांगते.

स्पेनचा राजपुत्र फिलिप याच्यावरून ज्या देशाला नाव मिळाले, जेथे स्पेनने १५६५ पासून १८९८ पर्यंत म्हणजे तीनशे तेहतीस वर्षे राज्य केले, जो देश आज आशिया खंडातील सर्वांत मोठा कॅथोलिक देश आहे, त्या देशात स्पॅनिश भाषेच्या वाट्याला अखेर ऐच्छिक विषयाचे स्थान आले. असे का व्हावे?

जगाच्या नकाशावर नजर टाकली म्हणजे हा प्रश्न अधिकच ठळक होतो. स्पॅनिश आज सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा आहे. सुमारे वीस स्वतंत्र देशांचा कारभार कायद्याने वा रूढीने तिच्यातून चालतो. 'कायद्याने वा रूढीने' असे म्हणण्याचे कारण आहे. मेक्सिको हा जगातील सर्वांत मोठा स्पॅनिशभाषक देश. पण त्याच्या राज्यघटनेने स्पॅनिशला अधिकृत भाषा म्हणून घोषित केलेले नाही. अर्जेंटिना आणि चिली येथेही तीच स्थिती आहे. खुद्द स्पेनच्या १९७८ च्या घटनेने कास्तिलियन, म्हणजेच स्पॅनिश, ही राज्याची भाषा ठरवताना इतर भाषांनाही आपापल्या स्वायत्त प्रदेशात अधिकृत स्थान दिले. पॅराग्वेने १९९२ मध्ये ग्वारानी या मूळ रहिवाशांच्या भाषेला स्पॅनिशच्या बरोबरीने बसवले. अमेरिकेच्या अमलाखालील पोर्तो रिको बेटाने १९९१ मध्ये स्पॅनिश ही एकमेव अधिकृत भाषा केली आणि १९९३ मध्ये इंग्रजीला पुन्हा तिच्या शेजारी आणले. आफ्रिकेतील इक्वेटोरियल गिनी १९६८ साली स्वतंत्र झाला, तरी त्याने स्पॅनिश सोडली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १९४६ मध्ये तिला आपल्या अधिकृत भाषांत घेतले, तेव्हा स्पेन त्या संघाचा सदस्यही नव्हता. त्याला १९५५ मध्ये प्रवेश मिळाला. स्पॅनिशला तो मान मिळण्यामागे लॅटिन अमेरिकेतील अठरा स्पॅनिशभाषक संस्थापक देशांचे बळ होते.

भाषा अशी मूळ भूमीबाहेर रुजली आणि परक्या अंगणात फोफावली. मग फिलिपिन्समध्येच ती का रुजली नाही? या प्रश्नाचे उत्तर मिशनकार्याच्या इतिहासात दडलेले आहे आणि म्हणूनच आपल्यासारख्यांनी ते समजून घेण्याजोगे आहे.

राजाज्ञा आणि धर्मगुरू

१५६५ मध्ये मिगेल लोपेस दे लेगास्पी याचे आरमार सेबू बेटावर उतरले. त्याच्यासोबत ऑगस्टिनियन धर्मगुरू होते. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन, येशूसंघीय व दोमिनिकन आले. १५७१ मध्ये मनिला राजधानी झाली. स्पेनहून येथवरचा प्रवास दोन महासागरांचा होता. आधी मेक्सिको गाठायचे, तो देश ओलांडून आकापुल्को बंदरात यायचे आणि तेथून वर्षाकाठी सुटणाऱ्या एखाद्‌दुसऱ्या गलबतातून मनिलाकडे निघायचे. एवढा खटाटोप करून येणाऱ्यांची संख्या नेहमीच थोडी राहिली. मेक्सिको-पेरूसारख्या चांदीच्या खाणी येथे नव्हत्या. जे स्पॅनिश लोक आले त्यांतील बहुतेक मनिलाच्या तटबंदीआड राहिले. खेड्यापाड्यांतून वर्षानुवर्षे दिसणारा स्पॅनिश माणूस बहुधा एकच असे, तो म्हणजे धर्मगुरू.

आता एक धर्मगुरू आणि त्याच्यासमोर हजारो माणसे असा प्रसंग असला, तर कोणी कोणाची भाषा शिकायची? राजाची इच्छा वेगळी होती. पहिला चार्ल्स याने १५५० मध्येच आपल्या साम्राज्यातील रहिवाशांना कास्तिलियन शिकवावी अशी आज्ञा केली होती. मिशनऱ्यांचा अनुभव मात्र त्यांना वेगळे सांगत होता. पश्चात्तापाची भावना माणूस परक्या भाषेत व्यक्त करू शकत नाही; पापनिवेदनाला दुभाषी चालत नाही. मनिलाचे पहिले बिशप दोमिंगो दे सालाझार यांनी १५८२ मध्ये धर्मसभा बोलावली. तेथे धर्मशिक्षण लोकांच्या भाषेतूनच द्यावे असे ठरले. याच सुमारास पेरूमध्ये लिमा येथील तिसऱ्या प्रांतिक धर्मसभेने केचुआ व आयमारा भाषांतून धर्मशिक्षणाचे पुस्तक करण्याचा निर्णय घेतला होता. १५९६ मध्ये राजाच्या सल्लागार मंडळाने मूळ रहिवाशांवर कास्तिलियनची सक्ती करावी असे सुचवले, तेव्हा दुसऱ्या फिलिपने ते मानले नाही. ज्यांना आपखुशीने शिकायचे असेल त्यांच्यासाठी शिक्षक नेमावेत, सक्ती करू नये, असा त्याचा निर्णय होता.

१५९४ मध्ये राजाज्ञेने बेटांचे निरनिराळे भाग निरनिराळ्या संन्यस्त संघांकडे सोपवण्यात आले. त्यामुळे एकेका संघाला मोजक्याच भाषांवर लक्ष केंद्रित करता आले. तागालोग, सेबुआनो, इलोकानो, पाम्पांगो, बिकोल अशा भाषांची व्याकरणे आणि कोश तयार झाले. १५९३ मध्ये मनिलात 'दोक्त्रिना क्रिस्तियाना' हे प्रार्थनांचे व धर्मतत्त्वांचे छोटे पुस्तक लाकडी ठशांवरून छापण्यात आले. त्यात मजकूर स्पॅनिश व तागालोग अशा दोन भाषांत आहे आणि तागालोग मजकूर रोमन लिपीबरोबरच बायबायिन या तिथल्या जुन्या लिपीतही दिलेला आहे. आपल्या पिता-पुत्राची ओळख करून देताना त्या धर्मगुरूंनी लोकांची लिपीदेखील टाकाऊ मानली नाही.

एकाच वर्षी छापलेली दोन पुस्तके

१६१० साली बाताआन प्रांतात दोन पुस्तके छापली गेली. त्यांपैकी एक होते दोमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को ब्लांकास दे सान होसे यांचे तागालोग भाषेचे व्याकरण. ते छापले तोमास पिनपिन या तागालोग मुद्रकाने. दुसरे पुस्तक पिनपिनने स्वतः लिहिले होते. त्याचा विषय होता तागालोग लोकांनी कास्तिलियन भाषा कशी शिकावी. फिलिपिनो माणसाने लिहून छापलेले हे पहिले पुस्तक मानले जाते.

या दोन पुस्तकांत फिलिपिन्सचा पुढचा सारा इतिहास बीजरूपाने आहे. धर्मगुरूला लोकांची भाषा हवी होती, कारण त्याला लोकांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचायचे होते. लोकांतील जाणत्या माणसाला राजाची भाषा हवी होती, कारण न्याय, व्यापार आणि मानमरातब यांचा मार्ग तिच्यातून जात होता. दोन्ही अपेक्षा रास्त होत्या. परंतु पुढील अडीच शतकांत पहिले पुस्तक पुन:पुन्हा नव्या रूपात निघत राहिले आणि दुसऱ्याला मात्र तसा वारसा लाभला नाही.

राजाज्ञा निघत नव्हत्या असे नाही. तिसऱ्या चार्ल्सने १७७० मध्ये तर साम्राज्यातील इतर सर्व भाषा नामशेष व्हाव्यात आणि केवळ कास्तिलियन बोलली जावी असा हुकूम काढला. पण शाळा नाहीत, शिक्षक नाहीत, पैसा नाही. असा हुकूम गलबतातून मनिलाला पोहोचला तरी खेड्यात पोहोचत नसे. दरम्यान खेड्यात वेगळेच काही घडत होते. गास्पार आकिनो दे बेलेन या तागालोग कवीने १७०४ मध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनावर दीर्घ काव्य प्रसिद्ध केले. त्यातून 'पास्योन' गायनाची परंपरा पुढे आली. पवित्र आठवड्यात घरोघरी आणि चौकाचौकात पास्योनचे अखंड पठण आजही होते. ख्रिस्ताची कथा तिथल्या लोकांनी आपल्या भाषेत, आपल्या चालीवर आपलीशी केली.

१८४९ मध्ये गव्हर्नर-जनरल क्लावेरिया याने आडनावांची एक यादी छापून प्रांतोप्रांती पाठवली आणि कुटुंबांनी तीतून आडनावे घ्यावीत असे फर्मावले. यादीत काही स्थानिक शब्द होते, पण भरणा स्पॅनिश नावांचा. आजही फिलिपिन्समध्ये सान्तोस, रेयेस, क्रूझ ही आडनावे पावलोपावली भेटतात. नावे स्पॅनिश झाली, भाषा झाली नाही. आपल्याकडील परेरा, डिसोझा, लोपीस मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको!

मालोलोसच्या वीस तरुणी

येथवरची कथा ऐकून कोणालाही मिशनऱ्यांचा अभिमान वाटावा. पण इतिहासाला दुसरी बाजू असते आणि ती झाकून ठेवणे श्रद्धेच्या हिताचे नसते.

एकोणिसाव्या शतकात काळ बदलला. २० डिसेंबर १८६३ च्या राजाज्ञेने फिलिपिन्समध्ये गावोगावी प्राथमिक शाळा काढून स्पॅनिश शिकवण्याचे ठरले. युरोपात शिकून आलेला फिलिपिनो तरुणांचा एक वर्ग तयार झाला. त्यांना कायद्यासमोर समानता हवी होती, स्पेनच्या संसदेत प्रतिनिधित्व हवे होते, आणि त्यासाठी आपल्या बांधवांना स्पॅनिश यावी असे वाटत होते. अडसर कोठून आला? अनेक ठिकाणी तो धर्मग्रामाच्या स्पॅनिश धर्मगुरूकडून आला. लोकांची भाषा शिकण्यामागची पूर्वजांची प्रेमळ प्रेरणा आता काहींच्या ठायी सत्तेचे साधन बनली होती. राज्यकर्ते आणि लोक यांच्यामध्ये भाषा जाणणारा माणूस तेवढा एकच असला, की त्याच्यावाचून कोणाचेच चालत नाही. सर्वच धर्मगुरू असे नव्हते. पण होते त्यांच्यामुळे कटुता साचत गेली. होसे रिझाल यांच्या 'नोली मे तांगेरे' या १८८७ च्या कादंबरीत गावचा शाळामास्तर धर्मगुरूशी स्पॅनिशमध्ये बोलू जातो आणि त्याला अपमान सोसावा लागतो. तिच्या १८९१ मधील उत्तरार्धात, 'एल फिलिबुस्तेरिस्मो'मध्ये, कास्तिलियन शिकवणारी संस्था काढण्यासाठी विद्यार्थ्यांनी केलेल्या धडपडीची आणि तिच्या विफलतेची कथा आहे.

कादंबरीपेक्षाही बोलकी आहे ती एक घडलेली गोष्ट. १२ डिसेंबर १८८८ रोजी गव्हर्नर-जनरल वेयलेर मालोलोस गावी आला असता तेथील वीस तरुणींनी त्याच्या हाती एक अर्ज दिला. स्पॅनिश शिकण्यासाठी आम्हांला रात्रशाळा काढू द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. गावच्या धर्मगुरूने विरोध केला. परवानगी नाकारली गेली. मुलींनी हार मानली नाही. त्या पुन:पुन्हा मागणी करीत राहिल्या, आणि अखेर १८८९ च्या आरंभी, स्वखर्चाने चालवण्याच्या अटीवर, त्यांना शाळा मिळाली. ती काही महिनेच चालली.

ही वार्ता लंडनमध्ये रिझालपर्यंत पोहोचली. त्याच्या मित्राने त्याला या मुलींना उत्तेजनपर पत्र लिहिण्याची विनंती केली. रिझालचे बहुतेक लेखन स्पॅनिशमध्ये आहे. हे पत्र मात्र, जे २२ फेब्रुवारी १८८९ चे आहे, त्याने तागालोगमध्ये लिहिले. स्पॅनिश शिकण्यासाठी झगडणाऱ्या मुलींचे कौतुक त्याने त्यांच्या मातृभाषेत केले! त्याच्या मनात या दोन भाषांचे भांडण नव्हतेच. एक आईची होती आणि दुसरी हक्काची. वीस तरुणींना हे कळले होते. गावच्या धर्मगुरूला कळले नाही.

३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात रिझालला गोळ्या घालण्यात आल्या. मृत्यूच्या आदल्या दिवसांत त्याने लिहिलेली निरोपाची कविता स्पॅनिशमध्ये आहे. ज्या सत्तेने त्याचा जीव घेतला तिच्याच भाषेत त्याने मातृभूमीचा निरोप घेतला.

उशिरा आलेला मान

क्रांती झाली आणि भाषेचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १८९७ च्या बियाक-ना-बातो येथील क्रांतिकारकांच्या घटनेने तागालोग ही अधिकृत भाषा ठरवली. दोनच वर्षांनी, जानेवारी १८९९ मध्ये, मालोलोस येथे पहिल्या प्रजासत्ताकाची घटना जाहीर झाली. ती स्पॅनिशमध्ये लिहिलेली होती. देशातील भाषांचा वापर कोणावर सक्तीचा नाही, मात्र शासकीय व न्यायालयीन कामकाजात तूर्त कास्तिलियन वापरावी, असे तिने म्हटले. स्पेनविरुद्ध लढून मिळवलेल्या प्रजासत्ताकाने स्पेनचीच भाषा स्वीकारली, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. इलोकानो, सेबुआनो आणि तागालोग नेत्यांना एकमेकांशी बोलायला दुसरी सामाईक भाषा नव्हती. राष्ट्रगीताचे पहिले शब्दही स्पॅनिशच. १८९९ मध्ये होसे पाल्मा याने ते लिहिले.

पण तोवर देश दुसऱ्याच्या हाती गेला होता. डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला देऊन टाकला. १९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाला आले. स्पेनने तीन शतकांत जे केले नाही ते अमेरिकेने तीस-चाळीस वर्षांत केले : शाळा काढल्या आणि त्या मोफत ठेवल्या. मुले इंग्रजी शिकू लागली. विलक्षण म्हणजे फिलिपिनो स्पॅनिश साहित्याचा बहराचा काळ हाच आहे. फर्नांदो मारिया गेर्रेरो, क्लारो रेक्तो, हेसुस बाल्मोरी या कवींनी अमेरिकन झेंड्याखाली स्पॅनिशमध्ये लिहिले. परंतु त्यांच्या घरची नातवंडे इंग्रजी शाळेत जात होती.

१९३५ च्या घटनेने इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही अधिकृत भाषा ठेवल्या. फेब्रुवारी-मार्च १९४५ मधील मनिलाच्या लढाईत जुन्या शहराची राखरांगोळी झाली. सुमारे एक लाख नागरिक मृत्युमुखी पडले. ज्या वस्त्यांत स्पॅनिश घराघरात बोलली जात होती त्याच उद्ध्वस्त झाल्या. इंत्रामुरोस या तटबंदीच्या शहरात सान आगुस्तीनचे जुने चर्च तेवढे उभे राहिले.

यानंतर कायद्याने भाषेला आधार देण्याचा प्रयत्न झाला. १९५२ मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये महाविद्यालयांत स्पॅनिश सक्तीची करणारे कायदे झाले. विद्यार्थ्यांनी ती परीक्षेपुरती शिकली आणि परीक्षेनंतर सोडली. १८८८ मध्ये मुली ती मागत होत्या तेव्हा ती दिली गेली नाही. १९५७ मध्ये मुलांना ती नको होती तेव्हा ती लादली गेली. १९७३ च्या घटनेने स्पॅनिश वगळली. मग ध्यानात आले की सरकारी दप्तरखान्यातील असंख्य कागद अजून स्पॅनिशमध्ये पडून आहेत आणि त्यांचे भाषांतर झालेले नाही. म्हणून त्याच वर्षी १५ मार्चला एका अध्यादेशाने तिला काही कामांपुरती मान्यता परत देण्यात आली. शेवटी १९८७ मध्ये तिचे अधिकृत स्थान आणि सक्ती या दोहोंवर पडदा पडला.

आज फिलिपिनो मुले रिझालच्या दोन्ही कादंबऱ्या अभ्यासतात. तसा कायदाच १९५६ मध्ये झाला आहे. त्या कायद्याला त्या वेळी तेथील ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनी विरोध केला होता, हेही नमूद केले पाहिजे. परंतु आपल्या राष्ट्रपुरुषाचे शब्द ही मुले बहुतांशी भाषांतरातून वाचतात. पहिल्या प्रजासत्ताकाची घटना, क्रांतिकाळातील वृत्तपत्रे, पणजोबांची जमिनीची कागदपत्रे ही सारी त्यांच्यासाठी बंद पेटीत आहेत. लोकांना कधी न दिलेली भाषा अधिकृत राहिली, म्हणजे काय होते ते येथे दिसते.

तरीही स्पॅनिश पूर्णपणे गेली असे म्हणता येत नाही. तागालोग माणूस 'कुमुस्ता' म्हणून क्षेमकुशल विचारतो, तो 'कोमो एस्ता'चा अपभ्रंश आहे. वारांची आणि महिन्यांची नावे, घड्याळातील वेळ, टेबल, खिडकी, चमचा या सगळ्यांसाठी तो स्पॅनिश मुळाचे शब्द वापरतो. दक्षिणेकडील झांबोआंगा शहरात चावाकानो नावाची मिश्र बोली आजही नांदते. तिची शब्दसंपत्ती मुख्यतः स्पॅनिश आहे आणि तिला कोणत्याही राजाने फर्मान काढून जन्म दिलेला नाही. सैनिक, कारागीर, बाजारहाट करणाऱ्या स्त्रिया यांनी ती घडवली.

थोडे आपल्याकडे

हे वाचताना मन वसई-गोव्याकडे वळल्यावाचून राहत नाही. फिलिपिन्समध्ये तागालोगची व्याकरणे छापली जात होती त्याच काळात फादर थॉमस स्टीफन्स साष्टीमध्ये मराठी व कोंकणीचा अभ्यास करीत होते. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पिनपिनच्या पुस्तकानंतर अवघ्या सहा वर्षांनी. पुढे, १६८४ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. तो हुकूम कोंकणीला मारू शकला नाही. वसईत पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे राज्य केले. १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांच्या हाती आला आणि पोर्तुगीज राजभाषा तेथून गेली. पण ख्रिस्ती समाज राहिला आणि त्याच्या ओठांवर सामवेदी, वाडवळी राहिल्या. आपण 'पाद्री' म्हणतो आणि तागालोग माणूस 'पारी' म्हणतो. एकच शब्द दोन साम्राज्यांच्या जहाजांतून दोन किनाऱ्यांवर उतरला आणि दोन्हीकडे घरचा झाला.

फिलिपिन्सच्या इतिहासातून आपण एवढे घेऊ शकतो. श्रद्धा मातृभाषेत रुजते, हे त्या पहिल्या मिशनऱ्यांनी ओळखले आणि त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु लोकांची भाषा शिकणे ही अर्धीच सेवा आहे. न्यायालयाची, शाळेची, सरकारची भाषा लोकांच्या हाती देणे ही तिची दुसरी बाजू. आज आपल्या धर्मग्रामांतून एकीकडे मराठी मिस्सेला तरुण मंडळी कमी होत असल्याची खंत व्यक्त होते आणि दुसरीकडे इंग्रजीवाचून मुलांचे अडेल ही भीती असते. या वादात कोणी एका बाजूला ओढू लागले म्हणजे मालोलोसच्या त्या वीस तरुणी आठवाव्यात. त्यांनी तागालोग सोडली नव्हती. त्यांना फक्त अर्ज लिहिता यायला हवा होता.